तो थांबला आणि त्याने विचारले

(शास्त्रपाठ : मार्क १०:४६-५२)



यरीहोच्या वेशीबाहेर भीक मागत बसलेल्या बार्तीमयाची गोष्ट आपल्या शब्बाथशाळेतल्या लहान मुलालाही पाठ असते. तो आंधळा होता, त्याने हाक मारली, प्रभूने त्याला दृष्टी दिली. मुले एवढे सांगून खाली बसतात, आणि आम्हीही पुष्कळ वर्षे एवढेच शिकवत आलो. परंतु या गोष्टीत चमत्काराच्या आधी दोन आणि चमत्काराच्या वेळी एक, अशा तीन लहान गोष्टी घडतात. त्यांकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले, आणि ते वेदगंगेच्या पुराने वेधले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या नद्या एकदम फुगल्या. निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्गावर पाणी आले आणि पुण्या-बंगळूरची वाहतूक बंद पडली. पाणी ओसरू लागल्यावर आमच्या मंडळीतले काही जण एका टेम्पोत तांदूळ, डाळ, तेल, बिस्किटे व चादरी भरून एका गावी गेलो. लोक शाळेत आसऱ्याला होते. वाटप शिस्तीने व्हावे आणि देवाचे नावही घेतले जावे, या हेतूने आम्ही सर्वांना पटांगणात ओळीने बसवले. एक गीत म्हटले, थोडा संदेश दिला, प्रार्थना केली. पाऊण तास गेला. संदेश चालू असता कडेला बसलेली एक बाई पदर सावरून उठली आणि निघून गेली. आमच्यातल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात थोडी नाराजी होती, हे आज कबूल केले पाहिजे.

वाटप संपले. पिशव्या कमी पडल्या. परतण्याच्या वेळी आमच्या शब्बाथशाळेची एक तरुण शिक्षिका त्या बाईचा शोध घेत मागच्या खोलीत गेली. तेथे त्या बाईची सासू तापाने फणफणून पडली होती आणि ती तिच्या कपाळावर ओले फडके ठेवत बसली होती. शिक्षिकेने विचारले, “अक्का, तुम्ही उठून का आलात?” ती म्हणाली, “म्हातारीला एकटं टाकून किती येळ बसू, ताई? तुमचं देवाचं झाल्यावर येतो म्हटलं, तर सगळं संपलं हुतं.”

बंधुभगिनींनो, त्या बाईच्या बोलण्यात राग नव्हता. तिने आम्हांला दोषही दिला नाही. पण “तुमचं देवाचं झाल्यावर” हे तिचे शब्द आम्ही घरी घेऊन आलो आणि ते अजून मनातून गेलेले नाहीत. ज्या देवाने आम्हांला त्या गावी पाठवले असे आम्ही मानत होतो, तो देव तिच्या लेखी तांदळाच्या पिशवीच्या वाटेत आडवा बसला होता. त्याला तेथे आम्हीच बसवले होते. त्या रात्री आम्ही पुन्हा मार्ककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडला.

प्रभू थांबला

पहिली गोष्ट ही की, प्रभू थांबला. तो यरुशलेमेस चालला होता. तेथे वधस्तंभ त्याची वाट पाहत होता. त्याच्या कामापेक्षा मोठे काम कोणाचेही नव्हते. त्याच्याबरोबर शिष्य होते, मोठा समुदाय होता. हाक ऐकू आल्यावर त्या समुदायाने काय केले? त्यांनी आंधळ्याला गप्प बसण्यास दटावले. ते दुष्ट लोक नव्हते. ते प्रभूच्या मागे चालणारेच लोक होते. प्रभूच्या मिरवणुकीत खंड पडू नये एवढेच त्यांना वाटत होते. आपल्या उपासनेचा, सभेचा, वर्धापनदिनाचा बेत बिघडू नये म्हणून आपणही कितीदा तरी कोणाला असेच गप्प केले आहे.

निपाणी हे तंबाखूचे गाव म्हणून साऱ्या देशाला ठाऊक आहे. तेथील वखारींत तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे बायकांनी केली. तंबाखूची धूळ नाकातोंडात, दिवसभर कष्ट, आणि हाती पडे ती तुटपुंजी मजुरी. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस व ऐंशीच्या दशकाच्या आरंभी या बायका संघटित झाल्या आणि त्यांनी रास्त मजुरी व माणुसकीची वागणूक मागितली. १९८२ साली युगांतर या चित्रपट करणाऱ्या स्त्रियांच्या गटाने त्यांच्या लढ्यावर माहितीपट काढला. त्यासाठी या गटातल्या मुली त्या बायकांमध्ये येऊन राहिल्या आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकले. त्या मुली काही आपल्या मंडळीच्या नव्हत्या. पण त्या थांबल्या. आपल्यापैकी जे त्याच रस्त्याने रविवारी उपासनेला जात होते, त्यांच्यातले किती जण थांबले असतील, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोबाने लिहिले आहे (याकोब ५:४). जी आरोळी देवाच्या कानी जाते ती देवाच्या लोकांच्या कानी पडू नये, याला काय म्हणावे?

विश्वासाचे सेवेतले पहिले काम हे आहे. तो आपल्याला थांबवतो. या माणसावर देवाची दृष्टी आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याच्या बाजूने घाईने निघून जाऊ शकत नाही.

प्रभूने विचारले

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. आंधळा माणूस समोर उभा आहे. त्याला काय हवे हे रस्त्यावरच्या पोरालाही कळले असते. तरीही आपण त्याच्यासाठी काय करावे अशी त्याची इच्छा आहे, असे सर्वज्ञ प्रभूने त्याला विचारले. का विचारले? प्रभूला ठाऊक नव्हते म्हणून खचितच नव्हे. आम्हांला असे वाटते की, ज्याच्याकडून लोकांनी आजवर फक्त भिकेची आरोळी ऐकली होती, त्याला आपली इच्छा आपल्या तोंडाने सांगण्याचा मान प्रभूने दिला. त्या क्षणी बार्तीमय भिकारी राहिला नाही. ज्याच्या शब्दासाठी प्रभू खोळंबला, असा तो मनुष्य झाला.

त्याच पुरात आम्ही एका म्हाताऱ्या मावशींना दुसरी चादर देऊ लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “चादरी दोन झाल्या बघा. आमची म्हस दोन दिस उपाशी हाय, तिचं कायतरी करता काय?” आमच्या टेम्पोत सर्व काही होते, वैरण नव्हती. जिच्या दुधावर ते घर चालत होते तिच्या पोटाचा विचार आमच्या यादीत कोणी केला नव्हता, कारण यादी बेळगावात बसून झाली होती. आदल्या दिवशी त्या गावी जाऊन एकाने नुसते विचारले असते, तर अर्ध्या चादरींच्या पैशांत वैरण आली असती.

विचारणे म्हणजे ज्याला विचारायचे त्याच्या भाषेत विचारणे, हेही आम्ही सीमाभागातल्या लोकांनी विसरू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेल्यापासून भाषेच्या प्रश्नाने आपल्या घराघरांत दुःख दिले आहे, आणि ते दुःख खोटे नाही. परंतु दुखणाईत बाई “नीरू” म्हणाली, तर तिला पाणी द्यायचे असते. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला तेव्हा जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली (प्रेषितांची कृत्ये २). म्हणून ज्याला या भागात सेवा करायची आहे त्याने मराठी जिवापाड जपावी आणि कानडीही शिकावी. ही आत्म्याच्या आज्ञेतली गोष्ट आहे असे आम्ही समजतो.

विचारल्यावर जे उत्तर मिळते ते पुष्कळदा आपल्या दानापेक्षा वेगळे असते. घरी बिड्या वळणाऱ्या बाईला साडी नको असते. तिला कामगार म्हणून ओळखपत्र हवे असते. १९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधी कायद्यामुळे मुलांच्या शिष्यवृत्तीची व औषधोपचाराची सोय झाली, पण ओळखपत्रावाचून त्या सोयीचे दार उघडत नाही. साडी देणे सोपे. एका दुपारी होते. ओळखपत्रासाठी तिच्याबरोबर कचेरीत तीन खेपा घालाव्या लागतात आणि त्याचा फोटो मंडळीच्या अहवालात शोभत नाही. तरी विचारून केलेली सेवा ती हीच.

प्रभूने त्याला ‘जा’ म्हटले

तिसऱ्या गोष्टीजवळ आम्ही आलो तेव्हा आमची मान खाली गेली. बार्तीमयाला दृष्टी देताना प्रभूने त्याला काय सांगितले? माझ्या मागे ये, असे सांगितले नाही. जा, असे सांगितले. मत्तयाला, पेत्राला, योहानाला प्रभूने आपल्या मागे बोलावले होते. ज्याला नुकतेच मोठे दान दिले, त्याला मात्र त्याने मोकळे केले. आणि मग मार्क लिहितो की, तो माणूस वाटेने प्रभूच्या मागे चालू लागला. ते चालणे त्याचे स्वतःचे होते. दृष्टीची किंमत म्हणून ते चालणे प्रभूने मागितले असते, तर त्या चालण्याला काय मोल उरले असते?

दहा कुष्ठरोग्यांचीही आठवण करा (लूक १७:११-१९). एकच परत आला. प्रभूला त्याचे वाईट वाटले. इतर नऊ कोठे आहेत असे त्याने विचारलेही. पण नवांचे शुद्ध झालेले अंग त्याने परत घेतले नाही. देवाचे दान परत घेण्यासाठी दिलेले नसते.

हे आपल्या जिल्ह्यात अधिक काळजीने बोलले पाहिजे. कारण श्रद्धेच्या नावाने माणसाला बांधून कसे टाकता येते, हे आपण जवळून पाहिले आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल होती. गळ्यात मणी बांधले की त्या मुलीचे लग्न नाही, घर नाही, आणि पुढचे आयुष्य दुसऱ्यांच्या हाती. आपला जिल्हा मुंबई इलाख्यात असतानाच १९३४ साली या प्रथेविरुद्ध कायदा झाला होता. १९८२ साली कर्नाटकाने पुन्हा बंदीचा कायदा केला. पण कायद्याच्या कागदाने गळ्यातले मणी आपोआप तुटत नाहीत. कोणीतरी त्या बायकांच्या दारी पुन्हा पुन्हा जावे लागते. घटप्रभेच्या परिसरात असे काम सुरू झाले आणि १९९७ साली ‘महिला अभिवृद्धी मत्तू संरक्षण संस्थे’ ही संस्था उभी राहिली. ती चालवू लागल्या त्या पूर्वी देवदासी असलेल्या बायका स्वतः. त्यांच्यापैकी सितव्वा जोडट्टी यांना लहानपणीच देवीला सोडण्यात आले होते. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. ज्यांच्यासाठी सेवा करायची असे जग म्हणत होते, त्या दुसऱ्यांची सेवा करणाऱ्या झाल्या. बार्तीमय आपले पांघरूण टाकून उठला, तशा त्या उठल्या.

आपल्यापैकी कोणी या गोष्टीचा उपयोग दुसऱ्यांच्या धर्मावर बोट दाखवण्यासाठी करू नये. ती कसोटी आपल्याला लावून घ्यावी. आमच्या प्रार्थनेने समोरचा माणूस बांधला जातो की मोकळा होतो? त्या शाळेच्या पटांगणात पाऊण तास आम्ही भुकेल्या लोकांना ज्या दोरीने बसवून ठेवले, ती दोरी आमच्या लेखी प्रार्थना होती. त्यांच्या लेखी ती दोरीच होती.

मग प्रार्थनेचे स्थान कोणते?

हे ऐकून कोणी म्हणेल, मग सेवेत देवाचे नाव घ्यायचेच नाही काय? सरकारी खात्याप्रमाणे पिशव्या वाटून परत यायचे काय? तसे आम्ही म्हणत नाही. प्रभू फार पहाटे उठून एकांती जाऊन प्रार्थना करीत असे (मार्क १:३५) आणि मग गावोगावच्या दुखणाइतांकडे जाई. प्रार्थनेची पहिली जागा सेवेच्या आधी आहे, जेथे सेवक एकटा देवापुढे असतो. त्या वेळी तो आपला गर्व, आपली घाई, आपली नाव मिळवण्याची इच्छा उघडी करून ठेवतो. ज्यांच्याकडे आज जायचे आहे त्यांची नावे एकेक करून देवापुढे घेतो. नाव घेऊन ज्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याला ‘लाभार्थी क्रमांक अमुक’ म्हणणे मग जिभेला जड जाते.

दुसरी जागा सेवेच्या नंतर आहे. दारू सोडलेला भाऊ पुन्हा गुत्त्यावर दिसतो. महत्प्रयासाने शाळेत घातलेल्या मुलीचे बाप गुपचूप लग्न लावतो. ज्याच्यासाठी आपण झिजलो तोच आपल्याला नावे ठेवतो. अशा संध्याकाळी पगारी नोकर राजीनामा लिहितो. प्रार्थना करणाराही थकतो, रडतो, पण दुसऱ्या दिवशी त्याच दारी जातो. कारण फळ आपल्या हाती नाही, पेरणे आपल्या हाती आहे, हे तो देवापुढे शिकलेला असतो.

आणि समोरच्या माणसाने स्वतः होऊन, ताई, आमच्यासाठी मागणं करा, असे म्हटले, तर तेथेच, त्याच्या खाटेपाशी, त्याच्या भाषेत, थोडक्यात प्रार्थना करा. तशी प्रार्थना कोणाच्या वाटेत आडवी येत नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्यापुढे आहे. १८५८ साली त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, मराठी घरात झाला. सीमेच्या दोन्ही बाजूंनी त्यांना आपले म्हणावे. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले व पुढे ते पुण्यास नेले. त्या आपली उपासना दार उघडे ठेवून करीत. मुलींवर सक्ती नव्हती, पण यायला मनाईही नव्हती. १८९३ साली त्यावरून मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातल्या थोर गृहस्थांनी राजीनामे दिले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रमाबाईंनी ते सोसले. आपला विश्वास त्यांनी लपवला नाही आणि आपले काम सोडले नाही. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तेथे मुलींना नुसते अन्न मिळाले नाही. त्या विणकाम, शेती, छापखाना शिकल्या. रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. दुष्काळात वाचलेल्या हातांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळवले. सेवेचा याहून सुंदर हिशेब आम्हांला ठाऊक नाही.

हिशेबाचा शब्द आला म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने आपल्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले भाऊ घेतले, यासाठी की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट ठेवू नये. देवापुढे आणि माणसांपुढेही जे योग्य ते त्याला करायचे होते (२ करिंथ ८:१८-२१). आजच्या काळात ख्रिस्ती सेवेकडे पुष्कळ लोक संशयाने पाहतात. त्या संशयावर चिडण्यापेक्षा आपल्या पावत्या नीट ठेवाव्या. वहीत लिहिलेला प्रामाणिक आकडा हीदेखील साक्षच आहे.

आता काय करावे?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती अशी की, पुढच्या वेळी ही गोष्ट शिकवताना मुलांना शेवटी एक काम द्यावे. आपल्या गल्लीतल्या एखाद्या आजी-आजोबांकडे मुलांनी जावे, काही घेऊन जाऊ नये, आणि “आजी, तुमचं काही काम आहे का?” एवढेच विचारावे. पुढच्या रविवारी आजी काय म्हणाल्या ते वर्गात सांगावे. ‘बस जरा वेळ’ असे उत्तर पुष्कळ आजींकडून येईल असे आम्हांला वाटते.

महिला मंडळ व तरुण संघ यांनी नाताळच्या वाटपाची यादी करण्याआधी दोघा-चौघांना पुढे पाठवावे. त्यांनी ऐकून यावे. देताना फोटो काढायचा असेल तर आधी विचारावे. उजवा हात काय करतो ते डाव्या हातास कळू नये असे प्रभूने शिकवले (मत्तय ६:३), तेथे साऱ्या गावाला कळावे अशी घाई आपण का करावी?

आणि त्या बाईचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दोन दिवसांनी ती शिक्षिका एका परिचारिका भगिनीला घेऊन पुन्हा त्या गावी गेली. म्हातारीला औषध मिळाले, घरात तांदूळ गेला. गीत म्हटले नाही, संदेश दिला नाही. निघताना म्हातारीने त्यांना विचारले, “तुमास्नी कुनी धाडलं?” शिक्षिका गोंधळली. मग म्हणाली, “आम्ही ज्याची प्रार्थना करतो त्याने.” म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग त्येला सांगा, म्हातारी बरी हाय.”

तो निरोप त्या रविवारी आम्ही मंडळीच्या प्रार्थनेत देवाला सांगितला.

प्रार्थना : हे दयाळू प्रभो, तू आंधळ्याच्या हाकेसाठी थांबलास. आम्हांला थांबण्यास शिकव. तू सर्व जाणूनही विचारलेस. आम्ही थोडे जाणतो, आम्हांला विचारण्याची नम्रता दे. तू देऊन मोकळे केलेस. आमच्या देण्यातली दोरी तू सोडव. वखारीत, नदीकाठी, दवाखान्याच्या ओसरीत जे तुझी वाट पाहतात, त्यांच्या वाटेत आम्ही आडवे बसू नये, असे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.